आउट रन (गृहखेळसंच आवृत्ती)

जपानमधील सेगा या कंपनीने १९८६ मध्ये तयार केलेल्या ‘आउट रन’ या मोटार चालविण्याच्या व्हिडिओ खेळाची, दूरचित्रवाणी संचाला जोडून घरी खेळता येतील अशी रूपे. नाणे टाकून चालणारी खेळयंत्रे जेथे मांडलेली असतात, त्या ठिकाणास आर्केड म्हणतात. दूरचित्रवाणीला जोडावयाच्या घरगुती खेळसंचास कन्सोल ही संज्ञा रूढ आहे. आर्केड यंत्रातील विद्युत् मंडले बहुधा एका विशिष्ट प्रकारच्या खेळासाठी आखलेली असतात व त्यांवर मोठा खर्च केलेला असतो. उलट कन्सोल हा सामान्य कुटुंबाला परवडेल अशा किंमतीत अनेक खेळ चालवू शकणारा संच असतो. त्यामुळे एकाचा खेळ दुसऱ्यावर आणताना त्याची जशीच्या तशी नक्कल करणे १९८०–९० या दशकात बहुधा अशक्य होते. मूळ खेळातील काय राखावयाचे, काय सोडावयाचे व कशाच्या जागी दुसरे काय योजावयाचे हे ठरवून खेळ नव्याने रचावा लागे. ज्या मंडलावर ‘आउट रन’चे मुख्य आकर्षण अवलंबून होते, त्याच्या तोडीचे मंडल तत्कालीन प्रचलित कन्सोलांत नव्हते, म्हणून या प्रक्रियेचे हे एक बोधप्रद उदाहरण ठरते.

पार्श्वभूमी : मोटार चालविण्याचे खेळ आर्केडमध्ये प्रारंभापासून लोकप्रिय आहेत. अटारी कंपनीच्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’ (१९७४) या खेळात शर्यतीचा मार्ग वरून पाहिल्याप्रमाणे दिसे. त्याच कंपनीच्या ‘नाइट ड्रायव्हर’ (१९७६) या खेळात चालकाच्या दृष्टीने दिसणारा रस्ता दाखविला होता. मात्र अंधारातील रस्त्याच्या दोन्ही कडांचे पांढरे खुंट एवढेच त्यात दिसत. नामको कंपनीच्या ‘पोल पोझिशन’ (१९८२) या खेळात मोटारीच्या मागून दिसणारा रंगीत व वळणदार रस्ता आला आणि पुढील अनेक खेळांनी तीच मांडणी स्वीकारली. या दोन्ही खेळांच्या अटारी २६०० या कन्सोलवरील आवृत्त्या अनुक्रमे १९८० व १९८३ मध्ये निघाल्या. आर्केडमध्ये खेळाडू हातात स्टिअरिंग चाक धरून बसतो. हा अनुभव घरी नेण्याचाही प्रयत्न झाला. सेगाच्या ‘टर्बो’ (१९८१) या खेळाची कोलेकोव्हिजन कन्सोलवरील आवृत्ती स्टिअरिंग चाक व वेगवर्धक पायटा असलेल्या जोडउपकरणासह विकली गेली.

मूळ खेळाचे स्वरूप : ‘आउट रन’चा आराखडा यू सुझुकी यांनी तयार केला. तत्पूर्वी १९८५ मध्ये त्यांनी ‘हँग-ऑन’ हा मोटारसायकलचा व ‘स्पेस हॅरिअर’ हा उड्डाणाचा खेळ रचला होता. ‘आउट रन’साठी त्यांनी यूरोपात मोटारीने प्रवास करून रस्ते व निसर्गदृश्ये पाहिली. खेळात लाल रंगाची, टप नसलेली दोन आसनांची मोटार असून चालकाशेजारी एक तरुणी बसलेली असते. मोटारीचे रूप फेरारी टेस्टारोसा या मोटारीवरून घेतलेले होते. मात्र मूळ खेळासाठी फेरारी कंपनीचा परवाना घेतलेला नव्हता.

सुझुकी यांच्या मते हा शर्यतीचा खेळ नसून मोटार चालविण्याचा खेळ आहे. त्यात प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून क्रमांक मिळवावयाचा नसतो; ठराविक वेळात पुढच्या तपासणी-नाक्यापर्यंत पोहोचावयाचे असते. नाका ओलांडला की वेळेत भर पडते. मोटार उलटली तरी खेळ संपत नाही, फक्त वेळ वाया जातो. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्त्याला दोन फाटे फुटतात व कोणता घ्यावयाचा हे खेळाडू ठरवितो. पहिला टप्पा समुद्रकिनाऱ्याचा असून एकूण टप्पे १५ आहेत. ते १, २, ३, ४ व ५ अशा पाच ओळींत रचलेले असल्यामुळे एका खेळीत पाचच टप्पे पार करावे लागतात. चार वेळा दोहोंपैकी एक फाटा निवडावयाचा असल्याने मार्ग १६ आणि शेवटची ठिकाणे ५ होतात. निघण्यापूर्वी मोटारीतील रेडिओवर हिरोशी कावागुची यांच्या ‘मॅजिकल साउंड शॉवर’, ‘पॅसिंग ब्रीझ’ व ‘स्प्लॅश वेव्ह’ या तीन रचनांपैकी एक निवडता येते. खेळाडूच्या आवडीनुसार संगीत निवडण्याची ही सोय त्या काळी अपूर्व वाटली.

खोलीचा आभास : दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील चित्र आडव्या रेषांचे बनलेले असते [→ दूरचित्रवाणी]. ‘आउट रन’मध्ये खऱ्या अर्थाने त्रिमितीय असे काहीच नाही, सपाट चित्रांच्या मांडणीतून खोलीचा भास निर्माण केलेला आहे. क्षितिजाच्या लगतच्या रेषेवर रस्ता अगदी अरुंद काढतात व खाली येणाऱ्या प्रत्येक रेषेवर तो अधिकाधिक रुंद करतात. वळण दाखविण्यासाठी पडद्याच्या तळाकडून वर जाताना प्रत्येक रेषा आधीच्या रेषेपेक्षा थोडी जास्त बाजूला सरकवितात. खेळाडूची मोटार पडद्यावर जवळजवळ एकाच जागी राहते. हलते ते भोवतालचे जग.

रस्त्याकडेची झाडे, फलक, दगड व इतर वाहने ही पार्श्वभूमीवर स्वतंत्रपणे हलविता येणारी छोटी चित्रे असतात. त्यांना स्प्राइट म्हणतात. वस्तूचे दृश्य आकारमान अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलते; उदा., २० मी. अंतरावरील झाड १० मी. अंतरावरील तेवढ्याच झाडाच्या निम्म्या उंचीचे दिसते. म्हणून मोटार पुढे जाऊ लागली की प्रत्येक स्प्राइट सतत मोठा होत गेला पाहिजे. सेगाच्या आर्केड यंत्रात यासाठी खास मंडल होते. साठविलेल्या चित्रातील प्रतिमाबिंदू गाळून ते चित्र लहान किंवा पुन्हा पुन्हा काढून मोठे करण्याचे काम हे मंडल अतिशय जलद करी. ही गणिते व खेळाचे नियंत्रण यांसाठी ६८००० या प्रकारचे दोन १६-बिट सूक्ष्मप्रक्रियक आणि ध्वनीसाठी वेगळा झेड८० सूक्ष्मप्रक्रियक योजला होता. रस्ता काढण्याचे मंडलही स्वतंत्र होते. पडद्यावरील चित्र ३२० × २२४ प्रतिमाबिंदूंचे असे.

मास्टर सिस्टिम आवृत्ती : सेगाने १९८७ मध्ये हा खेळ आपल्या मास्टर सिस्टिम या ८-बिट कन्सोलसाठी काढला. या संचात सु. ३.५८ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर चालणारा एकच झेड८० सूक्ष्मप्रक्रियक होता. म्हणजे आर्केड यंत्रात केवळ ध्वनी सांभाळणाऱ्या प्रकारच्या घटकावर येथे सर्व खेळाचा भार पडला. कार्यकारी स्मृती ८ किलोबाइट व चित्रस्मृती १६ किलोबाइट होती. पडद्यावर २५६ × १९२ म्हणजे ४९,१५२ प्रतिमाबिंदू मावत. मूळ यंत्राच्या ७१,६८० प्रतिमाबिंदूंच्या तुलनेत हे प्रमाण सु. ६९ टक्के भरते. एका वेळी ३२ रंग दाखविता येत. खेळ ज्या कार्ट्रिजमध्ये साठविला होता, तिची धारणक्षमता २ मेगाबिट म्हणजे २५६ किलोबाइट होती.

मुख्य अडचण स्प्राइटांची होती. आर्केड यंत्राप्रमाणे चित्र क्रमाक्रमाने मोठे करण्याची सोय मास्टर सिस्टिममध्ये नव्हती. अशा संचांवर एकच वस्तू वेगवेगळ्या आकारमानांत आधीच काढून ठेवणे व अंतरानुसार त्यांतील योग्य ते चित्र दाखविणे हाच व्यवहार्य उपाय असे. त्याचा स्मृतीवर पडणारा भार पुढील हिशेबावरून लक्षात येईल. या संचात प्रत्येक प्रतिमाबिंदूला ४ बिट लागतात. ताडाचे एक झाड ६४ × ६४ प्रतिमाबिंदूंत काढले, तर २,०४८ बाइट लागतील. तेच झाड ४८, ३२, २४, १६ व ८ प्रतिमाबिंदू उंचीचे, तेवढ्याच रुंदीच्या चौकटीत काढल्यास सहा आकारमानांसाठी एकूण ४,१६० बाइट होतात. म्हणजे एका झाडासाठी चित्रस्मृतीचा चौथ्याहून अधिक हिस्सा खर्ची पडेल. दृश्यात झाडे, फलक, चार-पाच प्रकारची वाहने, खेळाडूची मोटार व रस्ता हे सर्व हवे असते. त्यामुळे वस्तूंचे प्रकार, त्यांची आकारमाने व पडद्यावरील त्यांची गर्दी या सर्वांत काटकसर करावी लागली.

दुसरी मर्यादा एका आडव्या रेषेवरील स्प्राइटांच्या संख्येची. मास्टर सिस्टिममध्ये संपूर्ण पडद्यावर ६४, परंतु एका रेषेवर आठच स्प्राइट दिसू शकत. प्रत्येकाची नेहमीची रुंदी ८ प्रतिमाबिंदू असल्याने आठांची मिळून रुंदी ६४ प्रतिमाबिंदू म्हणजे पडद्याच्या रुंदीचा चतुर्थांश होते. ही संख्या ओलांडली की पुढचे तुकडे दिसेनासे होतात. खेळाडूची मोटार स्वतःच अनेक तुकड्यांची बनलेली असते; तिच्या शेजारून दुसरे वाहन जाऊ लागले की ही मर्यादा लगेच गाठली जाते.

आकारमानांच्या थोड्या पायऱ्यांनी गतीचा आभास कितपत टिकतो, हेही पाहण्यासारखे आहे. खेळातील कमाल वेग ताशी २९३ किमी. आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर हा वेग सेकंदाला सु. ८१ मी. भरतो. सेकंदाला ३० चित्रे दाखविल्यास दोन चित्रांच्या दरम्यान मोटार सु. २.७ मी. पुढे जाईल. १० मी. अंतरावरील झाड पुढच्या चित्रात ७.३ मी. वर येईल व सु. ३७ टक्क्यांनी मोठे दिसेल. इतकी वाढ एकाच उडीत दाखविली तरी डोळ्यांना खटकत नाही. मात्र १०० मी. अंतरावरील झाडात तेवढ्याच काळात तीन टक्क्यांहूनही कमी वाढ होते. सहाच आकारमाने उपलब्ध असतील, तर ते बराच वेळ तेवढेच राहून मग एकदम मोठे होते. जवळची दृश्ये वेगवान व दूरची दृश्ये अडखळत येणारी का वाटतात, याचे कारण हे आहे. आर्केड यंत्रातील सलग प्रवाहाचा अनुभव येथे हरवला.

असे असूनही लाल मोटार, शेजारची सहप्रवासी, नाक्यागणिक मिळणारा वेळ आणि रस्त्याला फुटणारे फाटे ही खेळाची ओळख या आवृत्तीत राखली गेली. खेळाडूला पुढचा फाटा गाठण्याची जी ओढ लागते, तिला स्प्राइटांच्या आकारमानांची गरज नव्हती.

ध्वनी : मूळ यंत्रात आठ स्वरमार्गांचे कंप्रता-विरूपण पद्धतीचे ध्वनिमंडल होते व त्याला ध्वनिमुद्रित नमुने वाजविणाऱ्या १६ मार्गांच्या मंडलाची जोड होती. मास्टर सिस्टिमच्या अंगभूत मंडलात तीन साधे स्वर व एक खरखराट एवढेच चार मार्ग होते. ताल, खर्ज, मुख्य स्वरावली आणि मोटारीचा आवाज यांची वाटणी या चौघांत करावयाची म्हणजे मूळ रचना विरळ करणे भाग होते. जपानमध्ये नऊ मार्गांचे जोडमंडल उपलब्ध होते व ते असल्यास या खेळाचे संगीत अधिक भरदार वाजे. यूरोपात आणखी एक फरक जाणवे. तेथील दूरचित्रवाणी सेकंदाला ६० ऐवजी ५० क्षेत्रे दाखवीत असल्यामुळे, आज्ञावलीत आवश्यक ती दुरुस्ती केलेली नसल्यास कन्सोलवरील खेळ व संगीत ही दोन्ही सु. १७ टक्के मंद चालत.

संगीताचे महत्त्व घरगुती संगणकांवरील आवृत्त्यांतही दिसून आले. ब्रिटनमधील यू. एस. गोल्ड या कंपनीने या खेळाच्या संगणक-आवृत्त्या काढताना आर्केडमधील संगीताची ध्वनिफीत सोबत दिली. संगणकातून जे वाजविता येत नव्हते, ते खेळाडूने टेपरेकॉर्डरवर ऐकावे अशी ही तोड होती.

नियंत्रण व खेळाचा कालावधी : आर्केडमध्ये हा खेळ साध्या उभ्या पेटीत तसेच आत बसावयाच्या पेटीत मिळे. सर्वांत महागड्या प्रकारात वळणाबरोबर आसनासह पेटीच हलत असे. स्टिअरिंग चाक किती अंशांत फिरविले यावर वळण ठरे. मास्टर सिस्टिमच्या नियंत्रकावर चार दिशांची कळ व दोन बटणे होती. तिला ‘डावीकडे’ किंवा ‘उजवीकडे’ एवढेच कळते. ‘किंचित डावीकडे’ असा संदेश देता येत नाही. त्यामुळे कळ किती वेळ दाबून धरली यावरून वळणाचे प्रमाण ठरविण्याची योजना करावी लागते. खेळाडूने चाक फिरविण्याऐवजी थोड्या थोड्या वेळाने कळ दाबून मोटार रस्त्यावर ठेवावयाची असते. हे कौशल्य मूळ खेळातील कौशल्याहून वेगळे आहे व ते नव्याने शिकावे लागते.

कालावधीचा प्रश्नही असाच आहे. आर्केडचा व्यवसाय नाण्यांवर चालतो. खेळी लवकर संपली तरच यंत्र पुढच्या गिऱ्हाइकासाठी मोकळे होते. पाचही टप्पे यशस्वीपणे पार करण्यास पाच-सहा मिनिटे लागतात. कन्सोलवरील कार्ट्रिज मात्र एकदाच पूर्ण किंमत देऊन विकत घेतलेली असते व ती बराच काळ पुरावी अशी अपेक्षा असते. मूळ रचनेतील १६ मार्ग व पाच शेवट यांमुळे हा खेळ घरीही पुनःपुन्हा खेळता येण्यासारखा ठरला. खेळघरात विविधतेसाठी योजलेले फाटे घरी खेळाचे आयुष्य वाढविण्याच्या उपयोगी पडले.

उत्तरकालीन आवृत्त्या : पीसी एंजिन या कन्सोलवरील आवृत्ती १९९० मध्ये आणि सेगाच्या १६-बिट मेगा ड्राइव्ह कन्सोलवरील आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. मेगा ड्राइव्हमध्ये आर्केड यंत्राप्रमाणेच ६८००० सूक्ष्मप्रक्रियक होता, पण एकच. स्प्राइट मोठे करण्याचे मंडल त्यातही नव्हते. अधिक स्मृतीमुळे अधिक आकारमाने साठविता आली. दृश्ये व संगीत मूळच्या बरीच जवळ गेली. ‘स्टेप ऑन बीट’ ही नवी संगीतरचनाही तीत घातली होती.

सेगा सॅटर्न या कन्सोलमध्ये दोन ३२-बिट सूक्ष्मप्रक्रियक व स्प्राइट लहानमोठे करणारे मंडल होते. त्यावरील १९९६ ची आवृत्ती मूळ खेळाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. म्हणजे आर्केडमधील क्षमता घरी पोहोचण्यास दहा वर्षे लागली. या आवृत्तीत सेकंदाला ६० चित्रे दाखविण्याचा पर्यायही होता. मूळ यंत्रातील हालचाल सेकंदाला सु. ३० चित्रांची असल्याने या एका बाबतीत घरगुती आवृत्ती मूळ खेळाच्या पुढे गेली.

आर्केड व कन्सोल यांतील अंतर पुढे जवळजवळ नाहीसे झाले. ‘आउट रन २’ (२००३) हा फेरारीच्या परवान्याने काढलेला त्रिमितीय खेळ ज्या आर्केड यंत्रणेवर चालतो, तीच मुळी एक्सबॉक्स या कन्सोलवर आधारलेली होती. त्याची एक्सबॉक्सवरील आवृत्ती २००४ मध्ये आली. मूळ खेळाची एम२ या जपानी कंपनीने तयार केलेली निन्टेंडो ३डीएसवरील आवृत्ती जपानमध्ये २०१४ साली व इतरत्र २०१५ साली प्रसृत झाली. तीत चष्म्याशिवाय खोली दिसणाऱ्या पडद्याचा उपयोग केला असून दोन नव्या संगीतरचनाही आहेत. सपाट चित्रांतून सुचविलेली खोली अशा रीतीने २८ वर्षांनी प्रत्यक्ष दिसू लागली. निन्टेंडो स्विचवरील आवृत्ती जपानमध्ये २०१८ च्या अखेरीस व इतर देशांत २०१९ च्या जानेवारीत आली.

जतन व मूल्यमापन : आर्केड यंत्रे झिजतात, त्यांच्यातील चित्रनलिका निकामी होतात व हलणाऱ्या पेट्यांचे सुटे भाग मिळेनासे होतात. त्यामुळे बहुसंख्य लोकांना हा खेळ आता घरगुती आवृत्त्यांतूनच माहीत होतो. त्या आवृत्त्याही सर्वस्वी सुरक्षित नाहीत. फेरारीचा परवाना नसल्याने अलीकडील आवृत्त्यांत लाल मोटारीचे रूप थोडे बदललेले आहे. ‘आउट रन ऑनलाइन आर्केड’ (२००९) हा केवळ संगणकजालावरून विकला जाणारा खेळ परवान्याची मुदत संपल्यावर विक्रीतून काढून घेण्यात आला. ३डीएससाठी खेळ विकणारे निन्टेंडोचे ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये विक्रीसाठी बंद झाले. १९८७ ची कार्ट्रिज मात्र चालू स्थितीतील संच मिळाल्यास कोणाचीही परवानगी न घेता खेळता येते.

या आवृत्त्यांचे मोल केवळ मूळ खेळाशी असलेल्या साम्यावरून ठरविणे योग्य नाही. साम्य हीच एक कसोटी मानली, तर सॅटर्नवरील आवृत्ती निघताच आधीच्या सर्व आवृत्त्या निरुपयोगी ठरतील. मास्टर सिस्टिमवरील आवृत्तीतून एक वेगळीच माहिती मिळते. खास मंडले, हलते आसन व भरदार ध्वनी काढून घेतल्यावर खेळात काय उरते, हे तीवरून कळते. कमी होत जाणारा वेळ, समोर येणारा फाटा आणि त्या क्षणी घ्यावयाचा निर्णय एवढे शिल्लक राहते व तेवढ्यावर खेळ उभा राहतो. यंत्राचे वैभव आणि खेळाची मूळ कल्पना यांतील फरक निर्मात्यांना व अभ्यासकांना अशा आवृत्त्यांमुळेच स्पष्ट होऊ शकला. म्हणून मूळ यंत्राबरोबर त्याच्या अपुऱ्या घरगुती रूपांचेही जतन करणे व्हिडिओ खेळांच्या इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक आहे.